गाजरगवत ऊर्फ काँग्रेस ऊर्फ चटकचांदणी यांस

मुक्काम : सातारा-सांगली रस्त्याच्या दोन्ही कडा, कालव्याचे भराव, मिरज-पुणे रेल्वेलाइन, झेडपी शाळेचे मैदान, ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीचा पायथा, आणि ज्या जागेची जबाबदारी कोणाचीच नाही अशी प्रत्येक जागा.



पत्रास कारण की, यंदाही पहिल्या दोन पावसांत आपण हजर झालात. एसटी, वीज आणि तलाठी यांपैकी कोणीही आमच्याकडे इतके वेळेवर येत नाही, म्हणून आधी अभिनंदन. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला एकरी लाखांत पैसा ओतून, छाट्या, डिपिंग, फवारण्या आणि अवकाळीसाठी नवस एवढे सगळे उरकून शेवटी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागते. आपण खत मागत नाही, पाणी मागत नाही, पीकविम्याचा अर्ज भरत नाही, तरी उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येता आणि एकेका झाडामागे दहा-वीस हजार बिया टाकून मोकळे होता. कृषी विभागाने आदर्श शेतकरी पुरस्कारासाठी आजवर आपल्या नावाचा विचार का केला नाही, हे मला कळलेले नाही.

आपले मूळ गाव मेक्सिकोच्या बाजूला. इथे कसे आलात, याची कहाणी गावातले कोणतेही पोर सांगेल : अमेरिकेने भुकेल्या भारताला पीएल-४८० या अन्नमदत योजनेचा गहू पाठवला, त्यातून आपण उतरलात. कहाणी चांगली आहे, तारीख तेवढी अडचणीची आहे. पीएल-४८० चा भारताबरोबरचा पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ चा. आपण त्याआधीच पुण्यात उकिरड्यावर प्रा. परांजपे यांच्या नजरेस पडला होतात, आणि १९५६ मध्येच वनस्पतिशास्त्रज्ञ राव यांनी आपली छापील नोंद केली. तेव्हा ज्या जहाजाचे तिकीट आपल्या नावावर खपवले जाते, ते निघण्याआधीच आपण देशावर मुक्कामाला होता. १९५१ साली कर्जावर आलेला अमेरिकन गहू संशयातून सुटत नाही, हे मान्य. पण कलकत्त्याच्या बागेच्या १८१४ सालच्या यादीतही आपले नाव सापडते, असे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक दाखवून देतात. म्हणजे आपले एक नातलग कंपनी सरकारच्या काळातच इथल्या कुंड्यांत शोभेला होते. एवढ्या जुन्या पाहुण्याला ‘परकी’ म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

आपला खरा नावलौकिक झाला तो पुण्यातूनच. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी व्हँकुव्हरचे मिचेल आणि लंडनचे काल्नन यांच्याबरोबर १९७४ साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आपल्यावर सविस्तर लेख लिहिला. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या रसायनज्ञांना सोबत घेऊन त्यांनी आपल्या अंगातला नेमका दोषी पदार्थही छापून आणला. पश्चिम महाराष्ट्रातल्या उकिरड्यावरून थेट लंडनपर्यंत पोचलेली मंडळी थोडी आहेत. आमच्या जिल्ह्यांतल्या पुष्कळ पुढाऱ्यांना ते साधलेले नाही.

आता आमच्या भावकीतल्या तात्यांविषयी. कृष्णाकाठी थोडा ऊस, दारात एक म्हैस, आणि रोज संध्याकाळी बांधावरून गवताचा भारा. एका उन्हाळ्यात तात्यांच्या पापण्या सुजल्या. मग मान, मग कानामागे, मग कोपराच्या आतल्या घडीत लाल चट्टे, पाणी धरलेले फोड आणि रात्रभर झोप नाही. घरात चौकशी समिती बसली. पहिला आरोपी नवा साबण, दुसरा केसांचा कलप, तिसरा काकूंचा कांदा-लसूण मसाला. मसाल्याची बाजू काकूंनी अशी मांडली की समिती तिथेच बरखास्त झाली. शेवटी वाटणीच्या वादात असलेल्या चुलतभावाने करणी केली, यावर एकमत झाले. आपले नाव कोणीच घेतले नाही. आपण तेव्हा उंबऱ्यापासून दहा पावलांवर पांढरी टोपी घालून उभे होता.

तात्यांनी मग मेडिकलमधून एक ट्यूब आणली. ती लावल्यावर आठ दिवसांत चेहरा असा उजळला की तात्या लग्नाच्या वरातीत पुढे नाचले. ट्यूब संपली आणि चट्टे दुप्पट जोमाने परत आले. पुन्हा ट्यूब. असे वर्ष गेले. चेहऱ्याची कातडी पातळ झाली, मानेची जाड आणि काळी. अखेर मिरजेला कातडीच्या डॉक्टरांनी तात्यांच्या पाठीवर ओळीने चकत्या चिकटवल्या आणि दोन दिवस पाठ भिजवू नका म्हणून सांगितले. १८९५ साली यादासोन नावाच्या डॉक्टरांनी रूढ केलेली ही पॅच चाचणी अजून तशीच चालते. चकत्या निघाल्या तेव्हा एकाच चौकोनात लाल, उंच, फोडांची नक्षी होती. ती आपली सही.

आपण केलेत काय, ते तात्यांना समजावताना माझीही दमछाक झाली, कारण आपली पद्धत फार वरच्या दर्जाची आहे. आमच्याकडे खाज आणणारे कमी नाहीत. कोयनेच्या रानात खाजकुयली आहे; तिची लव अंगाला लागली की तिथल्या तिथे जीव नकोसा होतो, ती कोणालाही सोडत नाही आणि धुऊन-पुसून थोड्या वेळाने शांत होते. बोर्डो मिश्रणाचा चुना आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या डोळ्यांना लावायची पेस्ट आहे. हातमोजे न घालता लावली तर हात सोलून काढते. ही सगळी उघड कारभाराची मंडळी. जिथे लागतात तिथेच, जास्त लागली तर जास्त, आणि आज लागली तर आजच. त्यांना दाहक म्हणतात. ती कातडीला थेट डिवचतात किंवा जखमी करतात, पेशी आरडाओरडा करतात, सूज येते, काम संपते. पुढच्या वर्षी आठवण ठेवून कोणी बसत नाही.

आपल्याला असला उघडा व्यवहार मानवत नाही. आपल्या पानांवरच्या, खोडावरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य भरलेले असते : १५ कार्बन, १८ हायड्रोजन, ४ ऑक्सिजन. रेणू इतका लहान की शरीराच्या पहारेकऱ्यांनी एरवी त्याच्याकडे मान वळवूनही पाहिले नसते. पण त्याच्या एका टोकाला असा रासायनिक आकडा आहे की तो आमच्याच कातडीतल्या प्रथिनांच्या गंधकाच्या टोकात जाऊन अडकतो. प्रथिन आमचे, त्यावरचे लेबल आपले. बाहेरचा पदार्थ म्हणून पार्थेनिनला शिक्षा होत नाही, तर त्याने विटाळलेले आमचेच प्रथिन परके ठरते. लहान रेणू प्रथिनाला चिकटल्याशिवाय असा गोंधळ घालू शकत नाही, हे शास्त्रज्ञ लँडस्टायनर यांनी १९३५ च्या सुमारास गिनीपिगवर दाखवले होते. आपण ते न वाचता आत्मसात केलेत.

पुढचे काम आमच्याच माणसांकडून करून घेता. कातडीच्या वरच्या थरात लँगरहान्स पेशी पसरलेल्या असतात. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला त्या दिसल्या आणि त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. त्यांचे खरे काम कळायला शंभराहून अधिक वर्षे गेली. त्यांचे काम आमच्या पोलीस पाटलासारखे. गावात काही वेगळे दिसले की ते उचलायचे आणि तालुक्याला जाऊन वर्दी द्यायची. हा तालुका म्हणजे काखेतल्या, मानेतल्या लसिका गाठी. तिथे लाखो टी-पेशी बसलेल्या असतात, प्रत्येकीला एकच चेहरा ओळखता येतो. पाटलाने आणलेला चेहरा ज्या थोड्या पेशींना पटतो त्या वाढतात, वाढतात, आणि त्यांतल्या काही जन्मभरासाठी कातडीत व रक्तात गस्तीला निघतात. याला दहा-पंधरा दिवस लागतात. तेवढ्या काळात अंगावर एक पुटकुळी दिसत नाही. तात्या मजेत भारे वाहत होते.

मात्र एक गोष्ट मला मुद्दाम लिहायची आहे, कारण गावात आणि पुष्कळदा दवाखान्यातही ती सुटून जाते. वर्दी नुसत्या चेहऱ्यावर घेतली जात नाही. पोलीस पाटील तालुक्याला निघायला गावात काही तरी बिनसलेले असावे लागते. कातडीच्या साध्या पेशी दुखावल्या की त्या इंटरल्यूकिन-१, टीएनएफ-अल्फा असले संदेश सोडतात, आणि त्या हाकेनेच लँगरहान्स पेशी जागची हलते. हे संदेश चुन्याने भाजल्यावर सुटतात, साबणाने कातडी कोरडी पडल्यावर सुटतात, आणि उसाच्या पानाने हात-मान कापल्यावरही. पार्थेनिन स्वतः थोडा दाह करतेच. पण आधीच सोललेल्या, घामाने भिजलेल्या, पाचटाने ओरखडलेल्या कातडीवर आपले काम निम्मे झालेले असते. ज्याला दाह म्हणतो आणि ज्याला अॅलर्जी म्हणतो, त्यांची हाक एकच असते. दाह ती हाक देऊन थांबतो, आपण त्या हाकेवर टी-पेशींची फौज उभी करता. वाळव्यातल्या उसाच्या फडात पाने अंग कापतात आणि फडाच्या बांधावर आपण उभे असता. एवढी अचूक जागा निवडायला कुठल्या सल्लागाराची फी भरलीत, तेवढे कळवावे.

एकदा गस्त बसली की मग आपल्याला हातसुद्धा लावावा लागत नाही. वाळलेल्या आपल्या देहाची धूळ आणि तुटलेली लव वाऱ्यावर आली तरी पुरते. आठवण ठेवलेल्या टी-पेशी जमतात, इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, कातडीच्या पेशी त्याला उत्तर म्हणून आणखी हाका देतात, आणखी पेशी येतात. हे सगळे व्हायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून तात्यांना सोमवारच्या भाऱ्याची खाज बुधवारी उठायची, आणि बुधवारी घरात जे काही नवे आलेले असेल त्यावर आळ जायचा. काकूंचा मसाला बिचारा असाच अडकला. नुसत्या उन्हाने येणारा चट्टा सावलीतली जागा सोडतो. आपण हनुवटीखाली, कानामागे, पापणीवर, शर्टाच्या कॉलरीच्या आतही बसता. वर्षानुवर्षे हे चालले की काहींची कातडी उन्हालाच भिऊ लागते आणि मग बांध सोडून घरात बसले तरी सुटका नाही. आपल्या परागकणांनी येणारी शिंक आणि दमा हा वेगळ्या खात्याचा कारभार. तिथे काम प्रतिपिंडांचे, यंत्रणा दुसरी. एका वनस्पतीने दोन खाती सांभाळावीत, हे मंत्रिमंडळातल्या कित्येकांना जमत नाही.

खाते वेगळे असल्यामुळेच आमच्या गोळ्याही चुकतात. गावात अंग खाजले की सेट्रिझिन. ती हिस्टामिनविरुद्धची गोळी; शिंका, गांधी, पित्त उठणे यांना उपयोगी. आपल्या फौजेत मुख्य काम टी-पेशींचे, हिस्टामिनचे नव्हे. गोळीने झोप लागते, चट्टा जागाच राहतो. आणि ती ट्यूब : स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली, चिठ्ठीशिवाय मिळणारी. स्टेरॉइड टी-पेशींच्या हाका दाबते, म्हणून आठ दिवस चमत्कार. योग्य ताकदीचे, योग्य जागी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उत्तम औषध आहे. चेहऱ्यावर वर्षभर फासले तर ते आपले काम पुढे नेते. तात्यांना पुढे अझाथायोप्रिन नावाच्या गोळ्या मिळाल्या, रक्त तपासत तपासत. बरे वाटते. पण त्या गोळ्या गस्तीवरच्या पेशींना शांत ठेवतात, त्यांच्या डोक्यातली आपली तसबीर पुसत नाहीत.

आपल्या सोयऱ्यांचीही ओळख झाली. शेवंती, सूर्यफूल ही आपल्याच कुळातली. आपल्यावर चिडलेली कातडी कधी कधी त्यांनाही ओळखते. दसऱ्याला तात्या देवाला शेवंतीचा हार घालत नाहीत, लांबून हात जोडतात. भावकीत अजून ती करणीच समजली जाते.

आता आमच्या बाजूचे शौर्य. २००० साली तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गावोगाव श्रमदानाचा उत्साह संचारला. तेव्हापासून अभियान कुठलेही असो, बॅनर कुणाचाही असो, पहिला हात आपल्यावर पडतो. पण कसा पडतो ते पाहा. आपण फुलांनी पांढरे होईपर्यंत वाट पाहायची. मग दहा-साडेदहाच्या उन्हात शाळेची पोरे आणि बचत गटाच्या बायका उघड्या हातांनी रांगेत उभ्या करायच्या. उपटायचे, झटकायचे, ढीग घालायचा. फोटो. ढीग चार दिवस वाळू द्यायचा, मग पेटवायचा किंवा तसाच सोडायचा. आपल्या बियांची पेरणी, लवेची उधळण आणि नव्या पन्नास कातड्यांना आपली ओळख, एका सकाळी, सरकारी खर्चाने. आपण आतून किती हसत असाल!

शेजारच्या कर्नाटकाने १९७५ साली कायद्याने आपल्याला उपद्रवी ठरवले, आणि आजही जत ओलांडून पलीकडे गेले तरी आपण त्याच थाटात उभे दिसता. यावरून आपली कायद्यावरची श्रद्धा कळते. आपल्याच मुलखातला मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये बंगळुरूला आणला, दुसऱ्या वर्षी सोडला. तो पावसाळ्यात आपली पाने खातो, चांगली खातो, आणि थंडीत जमिनीत जाऊन झोपतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला म्हणून त्याच्यावरच चौकशी बसली. आपल्यावर कधी बसली नाही. टाकळ्याचे बी आधी फेकून आपली जागा अडवण्याचा उपाय साधा, स्वस्त आणि उपयोगी आहे. म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोणी करत नाही. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आपल्याविरुद्धचा जागरूकता सप्ताह असतो. तोवर आमच्याकडे आपली पहिली पिढी फुलून गेलेली असते. सप्ताह आपल्याच सल्ल्याने ठरला की काय, अशी मला शंका आहे.

आपल्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. आपण दोषी आहात, पण सुधारण्यासारखे नाही. आणि टी-पेशींना नोटीस बजावता येत नाही. म्हणून पत्राचा उरलेला भाग हे खुले पत्र वाचणाऱ्यांसाठी.

गाजरगवत उपटायचे तर फुलायच्या आधी, जूनच्या शेवटी-जुलैत, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला उपरणे बांधल्याशिवाय हात लावू नका, पोरांना तर या कामाला लावूच नका. न फुललेले गवत खड्ड्यात पुरून खत करा. वाळवू नका, पेटवू नका. ज्यांच्या कोपरात, मानेवर किंवा पापण्यांवर दर वर्षी चट्टा उठतो त्यांनी श्रमदानाच्या दिवशी चहाचे बघावे. चट्टा असेल तर मेडिकलच्या ट्यूबऐवजी कातडीच्या डॉक्टरांकडे जाऊन पॅच चाचणी विचारा, आणि दोन दिवसांपूर्वी कुठल्या बांधावर होता ते त्यांना सांगा. आणि ग्रामसेवक, सरपंच, मुख्याध्यापक यांना एक विनंती : या वर्षीचे श्रमदान १५ ऑगस्टला न ठेवता जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवा.

कळावे,
कृष्णाकाठचा एक रहिवासी